विश्लेषण : सांस्कृतिक मानवशास्त्र शिकून काय होते? उत्तर वाघोलीतही सापडते

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या गर्दीत वाघोलीतल्या विद्यार्थ्यांना हा विषय सहसा कोणी सुचवत नाही. पण जातनिहाय जनगणना तोंडावर असताना माणसे, कुळे आणि जाती ओळखता येणारे लोक लागणार आहेत. विषय काय आहे, कुठे शिकता येतो आणि त्याचा उपयोग काय, याचा आढावा.

चर्चा आत्ताच का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार फेब्रुवारी २०२७ मध्ये होणाऱ्या लोकसंख्या मोजणीत प्रत्येकाला जात विचारली जाईल. यापूर्वी सर्व जातींची मोजणी झालेली शेवटची जनगणना १९३१ची.

मधल्या काळात एक प्रयत्न झाला. २०११च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय सर्वेक्षणात लोकांना जात विचारण्यात आली. ती आकडेवारी महाराष्ट्राने ओबीसी आरक्षणासाठी मागितली, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ मध्ये हा आकडा ४६ लाखांच्या पुढे गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून सरकारी यादीत ४९४ नावे, प्रत्यक्षात नोंद झाली ४,२८,६७७ ‘जातीं’ची. ही आकडेवारी वापरण्याजोगी नाही, असे केंद्राने सांगितले.

एवढ्या जाती अर्थातच नाहीत. कोणी पोटजात सांगितली, कोणी आडनाव, कोणी कूळ, तर कोणी व्यवसाय. प्रगणकाने जसे ऐकले तसे लिहिले. स्पेलिंग बदलले की नवी जात तयार झाली. संगणक दोन शब्द सारखे दिसतात का, ते सांगू शकतो. दोन शब्द एकाच समूहाची नावे आहेत का, हे मात्र त्या समूहात जाऊन विचारणाऱ्यालाच कळते. सांस्कृतिक मानवशास्त्र हेच काम शिकवते.

हा विषय म्हणजे नेमके काय?

मानवशास्त्राच्या ढोबळ चार शाखा मानल्या जातात. माणसाचे शरीर आणि उत्क्रांती अभ्यासणारी जैविक, जुने अवशेष अभ्यासणारी पुरातत्त्वीय, भाषेचा अभ्यास करणारी भाषिक आणि चौथी सांस्कृतिक. लोक नाती कशी मानतात, लग्ने कुठे जुळवतात, देव कोणते पुजतात, पैसा कसा वाटून घेतात, मयताला काय करतात, भांडण कोणापुढे सोडवतात, हे सगळे सांस्कृतिक शाखेत येते. यूपीएससीच्या वर्तुळात या विषयाला ‘मानववंशशास्त्र’ म्हणतात, तर विद्यापीठात ‘मानवशास्त्र’. विषय एकच.

समाजशास्त्राशी त्याचे नाते जवळचे आहे आणि दोघांत काटेकोर भिंत नाही. फरक मुख्यतः पद्धतीचा. समाजशास्त्रात सर्वेक्षण आणि मोठ्या आकडेवारीवर भर असतो. मानवशास्त्राचा विद्यार्थी एका वस्तीत, गावात किंवा कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहतो, लोकांची बोली शिकतो, त्यांच्यासोबत उठतो-बसतो आणि रोज टिपणे काढतो. याला सहभागी निरीक्षण म्हणतात. ब्रोनिस्लाव मालिनोव्हस्की या संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर अशा प्रकारे काम केले. १९२२ मध्ये त्याचे पुस्तक आल्यानंतर ही पद्धत जगभर रूढ झाली.

वाघोलीत अभ्यासण्यासारखे काय आहे?

मानवशास्त्र म्हणजे दूरच्या जंगलातील आदिवासींचा अभ्यास, हा समज आता जुना झाला. पुणे–नगर रस्त्यावरची वाघोली याचे चांगले उदाहरण आहे. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोली होती. पण देशाची शेवटची जनगणना २०११ची. त्यामुळे सोसायट्या, वसतिगृहे आणि आयटी कर्मचाऱ्यांनी भरलेली आजची वाघोली अजून एकाही जनगणनेत मोजली गेलेली नाही.

या एका गावात अनेक जगे शेजारी आहेत. वाघेश्वराचे मंदिर आणि त्याभोवतीचे मूळ गावकरी. वाघोली, लोणीकंद, भावडी पट्ट्यातील दगडखाणी आणि क्रशर, तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी कुटुंबे आणि त्यांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या पाषाण शाळा. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील मुलांना शिक्षणासाठी आणले गेले, तो भारतीय जैन संघटनेचा परिसरही इथलाच. त्यात भर पडली विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या विद्यार्थ्यांची, बिहार-उत्तर प्रदेशातील बांधकाम मजुरांची आणि कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या नोकरदारांची.

आता नात्यांचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते. उत्तर भारतातील बहुतेक हिंदू जातींत मामाची मुलगी ही बहीणच, तिथे लग्नाचा विचारही होत नाही. कर्नाटक, आंध्र, तेलंगणातील अनेक समाजांत बहिणीच्या मुलीशी, म्हणजे भाचीशीही लग्न होते. एका लेबर कॅम्पमध्ये तिन्ही नियम एकत्र नांदू शकतात. कोण कोणाला आधार देणार, उचल घेताना जामीन कोण राहणार, मूल आजारी पडले तर कोणाकडे ठेवणार, हे या नियमांवर ठरते. शाळा, दवाखाना किंवा रेशन यांची योजना आखणाऱ्याला ते माहीत नसेल, तर योजना कागदावर राहते.

मोजणीत गडबड कुठे होते?

जनगणनेत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारे आणि एका चुलीवर जेवणारे लोक. व्याख्या साधी आहे, पण वाघोलीत ती लगेच अडखळते. एका टू-बीएचके फ्लॅटमध्ये सहा विद्यार्थी राहतात. दोघे मेसमध्ये जेवतात, दोघे डबा लावतात, उरलेले दोघे स्वयंपाक करतात. व्याख्येचा काटेकोर अर्थ लावला तर हे एक कुटुंब नाही. मग किती? दगडखाणीवर दोन भावांच्या झोपड्या शेजारी असतात, चूल कधी एक तर कधी दोन.

आणि ज्यांना छतच नाही त्यांचे काय? डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फूटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मध्यरात्री डंपर गेला. तिघांचा मृत्यू झाला, त्यात दोन लहान मुले होती. ही माणसे कामासाठी अमरावतीकडून आली होती. बेघरांची मोजणी जनगणनेत एका ठरावीक रात्री होते. अशी कुटुंबे कोणत्या महिन्यात कुठे असतात, कोणत्या नाक्यावर थांबतात, गावी कधी परततात, हे आधी माहीत असेल तरच ती त्या रात्री सापडतात.

एका अक्षराने काय फरक पडतो?

खूप मोठा. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरान, धनगड’ अशी नोंद आहे. ‘धनगड’ म्हणजेच ‘धनगर’, ‘र’चा ‘ड’ झाला, असा धनगर समाजाचा दावा. राज्य सरकारने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मागणीच्या याचिका फेटाळल्या. समाजाची मागणी मात्र थांबलेली नाही.

बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा-कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य झाल्यावर बंजारा समाजानेही त्याच आधारावर अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. दगडकामाशी परंपरेने जोडलेला वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत. पारध्यांमध्ये फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. कैकाडी समाज विदर्भातील काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे, उर्वरित राज्यात विमुक्त जातींत.

म्हणजे विदर्भातून वाघोलीत आलेले कुटुंब आणि सोलापूरकडून आलेले त्याच समाजाचे कुटुंब यांच्या हातात वेगवेगळे दाखले असू शकतात. कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर हा फरक फी आणि शिष्यवृत्तीच्या रूपात समोर येतो.

जमात ठरवण्यासाठी आजही १९६५च्या लोकूर समितीचे निकष वापरले जातात. आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, बाहेरच्यांशी संपर्क टाळणे आणि मागासलेपण असे ते पाच निकष. यातला ‘वेगळी संस्कृती’ हा निकष तपासायचा तर शेवटी कोणाला तरी पालावर, तांड्यावर किंवा वाड्यावर जाऊन राहावे लागते.

पुण्याचा या विषयाशी संबंध किती जुना?

वाघोलीहून पुण्याकडे येताना याच रस्त्याने येरवडा लागते. तिथल्या डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे १९३९ मध्ये रुजू झाल्या. पुढे अनेक वर्षे त्यांनी तिथल्या समाजशास्त्र-मानवशास्त्र विभागाचे नेतृत्व केले. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग उभा राहण्यामागेही त्याच होत्या.

बहुतेक मराठी वाचकांना त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून माहीत आहेत. पण त्यांचे संशोधन आजच्या प्रश्नांच्या जास्त जवळचे आहे. ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३च्या ग्रंथात त्यांनी भारतातील नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग मांडले. वर आलेला मामाच्या मुलीचा मुद्दा त्याच अभ्यासाच्या चौकटीत बसतो. सहकाऱ्यासोबत त्यांनी फलटण या वाढत्या शहराचा आणि भोवतालच्या गावांचा अभ्यास केला, तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोयना धरणग्रस्तांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली, तो अहवाल १९६९चा. गाव शहर होताना काय होते आणि विस्थापित माणसाचे पुढे काय होते, हे दोन्ही प्रश्न पुण्यात सहा दशकांपूर्वी अभ्यासले गेले होते.

नंतरच्या पिढीतही असे काम झाले. के. सी. मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी यांच्या शिकारीच्या पद्धती अभ्यासल्या. एकाच परिसरात फिरणारे हे तीन समाज वेगवेगळे प्राणी, वेगवेगळ्या साधनांनी धरत. त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा कमी राही. ‘भटके’ या एका सरकारी शब्दाखाली किती वेगळी ज्ञाने दडलेली असतात, हे त्यातून दिसले.

या विषयाचा इतिहास निर्दोष आहे का?

नाही, आणि चांगल्या अभ्यासक्रमात हे लपवले जात नाही. ब्रिटिश काळात हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांच्या नाकांची मापे घेऊन जातींचा वंशाशी संबंध जोडला. १९०१च्या जनगणनेचे प्रमुखही तेच होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेलेला नाही.

खुद्द इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये पीएच.डी. केली ती ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. पुढे नाझींच्या वंशवादाला बळ देणारे हे शास्त्रज्ञ. कवटीच्या रचनेतील असमानतेचा वंशाशी संबंध असतो, ही त्यांची धारणा होती. विद्यार्थिनी असलेल्या कर्वे यांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. त्यांना १९३० मध्ये पदवी मिळाली. मोजणारा कोण आहे आणि त्याने आधीच काय ठरवले आहे, हा प्रश्न आजच्या जातगणनेलाही लागू आहे.

कुठे शिकता येते?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. करता येते. वाघोलीहून गणेशखिंड सुमारे वीस किलोमीटर, नगर रस्त्याची कोंडी वेगळी. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र असा एकत्र विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नूचा दूरशिक्षणातील एम.ए. मानवशास्त्र हा पर्याय आहे. राज्याबाहेर कोलकाता, दिल्ली आणि हैदराबाद येथील विद्यापीठांत जुने विभाग आहेत. कोलकात्यात हे शिक्षण १९२० पासून सुरू आहे. पात्रता, जागा आणि प्रवेश परीक्षा दरवर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच अर्ज करावा.

अभ्यासक्रमात सिद्धांत, नातेसंबंध, धर्म, अर्थव्यवहार, आरोग्य, संशोधन पद्धती आणि क्षेत्रकार्य असते. वंशावळ काढणे, वस्तीचा नकाशा तयार करणे, मुलाखत घेणे, टिपणे लिहिणे आणि लोकांची संमती घेणे ही कौशल्ये प्रत्यक्ष कामातून येतात. ज्याची माहिती लिहितो त्याला त्यातून त्रास होऊ नये, हा पहिला नियम.

नोकरीचे काय?

हा प्रश्न घरात सगळ्यात आधी विचारला जातो. सरळ उत्तर असे, की अभियांत्रिकीसारखी कॅम्पस प्लेसमेंटची सवय या विषयात नाही. जागा आहेत, पण विखुरलेल्या.

- सरकारी संशोधन : भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण ही १९४५ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था. मुख्यालय कोलकात्यात, मध्य विभागाचे केंद्र नागपुरात. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’ प्रकल्पात तिने देशातील ४,६३५ समुदायांची नोंद केली. अलीकडे विमुक्त आणि भटक्या अशा २६८ समुदायांचा अभ्यास करण्याचे कामही तिच्याकडेच होते. पुण्यात राज्य सरकारची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे.

- आरोग्य : पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोलाची साथ पसरली, तेव्हा अंत्यविधीत मृतदेहाला स्पर्श केल्याने संसर्ग वाढत होता. सक्तीने प्रेते नेल्यावर लोक ती लपवू लागले. मानवशास्त्रज्ञांच्या मदतीने ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन’ अशी पद्धत बसवली गेली.

- तंत्रज्ञान : झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात लुसी सचमन या मानवशास्त्रज्ञ महिलेने लोक फोटोकॉपी यंत्र कसे वापरतात, ते पाहिले. हुशार संशोधकही यंत्रापुढे गोंधळतात, हे त्यातून पुढे आले. आज ज्याला ‘युजर रिसर्च’ म्हणतात, त्याची मुळे अशा कामात आहेत.

- स्पर्धा परीक्षा : यूपीएससी मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे. प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर, एकूण ५०० गुण. २०१७च्या परीक्षेत देशात पहिला आलेला अनुदीप दुरीशेट्टी अभियंता होता आणि त्याचा वैकल्पिक विषय हाच होता. मात्र परीक्षेपुरता विषय वाचणे आणि विद्यापीठात शिकणे यात फरक आहे. पहिल्यात वस्तीवर जावे लागत नाही.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण भाषेची. पदव्युत्तर पातळीवरची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. क्षेत्रकार्य मात्र मराठी, वडारी, पारधी किंवा गोरमाटी बोलीत करायचे असते. ज्या मुलाला ही बोली घरातून येते, त्याला इंग्रजी पुस्तक अडवते. इंग्रजी सहज वाचणाऱ्याला वस्तीवरची बोली कळत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. बारावीपर्यंत हा विषय बहुतेक मुलांच्या कानावर येत नाही. पदवीनंतर कळतो, तोही अनेकदा यूपीएससीच्या क्लासमध्ये.

तिसरी अडचण मागणीची. महापालिकेत गाव आले की रस्ते, पाणी आणि कर यांचे आराखडे होतात. तिथे कोण राहते, कुठून आले, कसे जगते, याचा अभ्यास आराखड्याआधी झाला पाहिजे असे कुठे बंधन नाही. अशी मागणीच नसेल तर विभागांना विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळणार नाहीत.

पुढे काय पाहायचे?

जातगणनेत नावे खुली लिहून घेणार की ठरलेल्या यादीतून निवडायला लावणार, आणि मिळालेली नावे एकत्र कोण करणार, हे कळीचे मुद्दे आहेत. यादी आधीच पक्की केली तर यादीबाहेरचे समूह सुटतात. यादी नसेल तर ४६ लाखांसारखा आकडा पुन्हा येऊ शकतो. दोन्हींच्या मधला मार्ग स्थानिक बोली, पोटजाती आणि कुळे ओळखणाऱ्यांना प्रगणकांच्या प्रशिक्षणात आणि छाननीत सामावून घेण्यातून जातो.

वाघोलीतल्या विद्यार्थ्यापुढचा हिशेब वेगळा आहे. दोन वर्षे, फी आणि लगेच नोकरीची हमी नाही, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला असे काम आहे, ज्याची राज्याला गरज आहे आणि जे करणारे थोडे आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी विभागात जाऊन चालू बॅचचे क्षेत्रकार्याचे अहवाल पाहायला मागावेत आणि आधीच्या बॅचचे विद्यार्थी आता काय करतात, ते विचारावे. विषय आपल्याला झेपेल का, हे माहितीपत्रकापेक्षा तिथे लवकर कळेल.